शेवंती न देणारी अक्का

अक्का,

परवा तुझं तेरावं झालं आणि काल सकाळी मी नर्सरीचं फाटक उघडलं. दसरा आठ दिवसांवर आलाय. या दिवसांत फाटक बंद ठेवलेलं तिला आवडलं नसतं, असं भाऊजीच म्हणाले. एवढंच बोलले आणि किल्ली माझ्या हातात देऊन मळ्याकडे निघून गेले. तुझ्याशिवाय त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय टाकणं त्यांना जमत नाही अजून. मलाही जमत नव्हतं, पण रोपांना पाणी तर घालायलाच हवं होतं.

या तेरा दिवसांत किती माणसं येऊन गेली, ते तुला कळायला हवं होतं. आपल्या सोनगीरची तर येणारच होती. धुळ्याहून आली, शिरपूरहून आली, एक जोडपं पार पिंपळनेरहून मोटरसायकलवर आलं. मी ओसरीवर बसून सगळ्यांना पाणी देत होते. बहुतेकांनी तुझ्याबद्दल मला एकच गोष्ट सांगितली. आम्ही शेवंती घ्यायला गेलो होतो, अक्कांनी दिली नाही. घरी कुत्रं आहे का, असं विचारलं, आहे म्हटल्यावर शेवंती मागे सरकवली आणि झिनिया हातात दिली. आम्हाला तेव्हा राग आला होता. हे सांगताना ती माणसं हसत होती आणि डोळेही पुसत होती. पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारी दुकानदारीण त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. मी मात्र ताठ बसून ऐकत होते. सुतकात माणसानं ताठ बसू नये बहुधा, पण मला तसंच बसावंसं वाटलं.

तुझं चांगलं बोलायला सगळेच तयार आहेत. मला त्यातलं जे ठाऊक आहे, ते मात्र कुणी सांगू शकणार नाही, कारण त्यात मी आहे, आणि माझा भाग फारसा चांगला नाही.

तू नर्सरी टाकलीस तेव्हा हायवेलगतच्या त्या पट्टीत काही पिकत नव्हतं. खडक वर आलेला, माती वीतभर. भाऊजी म्हणाले होते, इथे गवतही नीट येत नाही. तू विहिरीच्या काठी पहिल्यांदा कण्हेरीच्या काड्या लावल्यास, कारण त्या फुकट मिळाल्या आणि पाण्यावाचून जगल्या. पुढे त्या काड्यांनीच नर्सरी उभी केली. धुळ्यात नवीन कॉलन्या होत होत्या, प्रत्येकाला कंपाउंडला काहीतरी लावायचं होतं, आणि कण्हेरीसारखं गुणी झाड तुझ्याकडे दुसरं नव्हतं. पाणी कमी लागतं, बारा महिने फुलतं, शेळी खात नाही, गाय खात नाही. तू गिऱ्हाइकाला हेच सांगायचीस. जनावर तोंड लावत नाही. मी सुट्टीत आले की शेडमध्ये खुर्ची टाकून तुझ्या झाडाचे पेरू खात बसायचे आणि तुझं ते बोलणं ऐकायचे. समोर चारशे पिशव्यांत कण्हेर डोलत असायची. गुलाबी, पांढरी, लाल.

जळगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी काय शिकवते, ते तुला पक्कं माहीत होतं. वनस्पतीशास्त्र. दरवर्षी प्रात्यक्षिकाला मी कण्हेरीचं पान आडवं कापून मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. पाण्याच्या टंचाईत झाड पान कसं जपतं, रंध्रं खोल खड्ड्यांत कशी लपवतं, ते कण्हेरीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. पानं हाताळून झाली की मुलांना हात साबणानं धुवायला लावते, कारण चीक विषारी असतो. हे मी दरवर्षी वर्गात सांगत होते. तुला कधी सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. वाईट हेतू नव्हता. वर्गातलं वर्गात राहत होतं, बस. तू सातवीनंतर शेतात आणि मी धुळ्याच्या वसतिगृहात, अशी आपली वाटणी झाली, तेव्हापासून माझ्या पुस्तकातलं तुझ्या कामाचं असेल असं मला कधी वाटलंच नाही. हा माझा उद्दामपणा होता. त्या वेळी तो मला नम्रपणा वाटायचा, अक्काला कशाला शहाणपण शिकवायचं, असा.

मग पाच वर्षांपूर्वी ते गुरुजी आले. धुळ्याच्या देवपुरातले, निवृत्त होऊन सातआठ वर्षं झालेले. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी तुझ्याकडून बारा कण्हेरी नेल्या होत्या. तुला आठवतही होतं, कारण त्यांच्या बाईंनी रंग निवडायला अर्धा दिवस लावला होता. ते आले तेव्हाही दसऱ्याच्या आधीचेच दिवस होते. पावसाळ्यात कण्हेर फार माजली म्हणून गुरुजींनी छाटणी केली आणि फांद्या अंगणात टाकून ते आंघोळीला गेले. त्यांचा बंड्या नावाचा कुत्रा होता, अकरा वर्षांचा. त्याला फेकलेली काठी आणायची सवय. तो त्या फांद्या घेऊन पायरीवर बसला आणि चावत राहिला. दुपारी ओकायला लागला, संध्याकाळी त्याला पायांवर उभं राहता येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी घरी येऊन पुष्कळ प्रयत्न केले. दिवेलागणीला तो गेला.

गुरुजी तुझ्याकडे भांडायला आले नव्हते. त्यांना हेही आठवत नव्हतं की जनावर तोंड लावत नाही, असं तूच म्हणाली होतीस. ते एवढंच विचारायला आले होते की कुंपणाला दुसरं काही लावता येईल का, कारण बाई आता त्या बाजूची खिडकीच उघडत नाहीत. तू त्यांना पाणी दिलंस, उद्या सांगते म्हणालीस, आणि ते गेल्यावर मला फोन केलास.

"शालू, कण्हेर कुत्राले मारस, हाई तुले माहीत व्हतं का?"

मी हो म्हणाले. मग घाईघाईनं पुढचं सांगायला लागले, की चीक विषारी असतो हे माहीत होतं, पण कुत्री झाड कुठे खातात, त्यामुळे कधी लक्षात आलं नाही. तू मधेच थांबवलंस. "तू ते पोरेसले शिकाडस ना?" मी पुन्हा हो म्हणाले. तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्या 'बरं'नंतर तू मला त्यावरून एक शब्द बोलली नाहीस. पाच वर्षांत आपण कितीदा कडाक्यानं भांडलो असू, आणि दर वेळी तो एक वार तुझ्या हातात तयार होता. तू तो कधीच केला नाहीस. मला वाटायचं, एकदा करावास, म्हणजे मला माफी तरी मागता येईल. आज इथे लिहून मागतेय. अक्का, मला माहीत होतं. माझ्या पुस्तकात ते वाक्य मी स्वतः पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तू काय केलंस, ते मला भाऊजींकडून कळलं, तू कधी नीट सांगितलं नाहीस. तू ॲपे रिक्षा केलीस, त्यात पहार, कुदळ आणि रिकामी पोती टाकलीस आणि देवपुरात गेलीस. वाटेत तू ओठ हलवत बसली होतीस म्हणे. भाऊजींनी विचारलं तर म्हणालीस, बाईंशी शुद्ध बोलायला हवं, नीट पाठ करतेय. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. तू चपला बाहेर काढल्यास आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलंस.

"बाई, ती रोपं मी दिली होती. जनावर तोंड लावत नाही, असंही मीच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण विकण्याआधी मी ते माहीत करून घ्यायला हवं होतं. मी झाडं काढून न्यायला आलेय."

बाईंनी कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मुळं राहू देऊ नका."

कण्हेरीचं मूळ किती चिवट असतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. बोटाएवढा तुकडा राहिला तरी पावसाळ्यात फुटतो. तू सकाळी दहाला सुरू केलंस. भाऊजी हात लावायला गेले तर त्यांना फक्त फांद्या पोत्यात भरायला सांगितलंस, खोदणं तुझं तू ठेवलंस. बारा झाडं, प्रत्येकाखाली गुडघाभर खड्डा, आणि खड्ड्यातली माती चाळून मुळाचा तुकडा न तुकडा वेगळा. गुरुजींनी दोनदा चहा विचारला, तू नको म्हणालीस. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायलीस. बाई सगळा वेळ तिथेच बसून होत्या. घरात गेल्या नाहीत. संध्याकाळी पाचला शेवटचा खड्डा बुजवून तू अंगण झाडलंस, वाळलेलं एक पानही राहू दिलं नाहीस, आणि हात जोडून निघालीस.

त्या संध्याकाळचा तुझा फोन मला नीट आठवतो. हे जाळू का, असं तू विचारलंस. मी म्हणाले, नको, धूरही वाईट. मग तुम्ही मळ्याच्या कोपऱ्यात मोठा खड्डा करून ती बारा झाडं पुरलीत. आणि आठवड्याभरात नर्सरीतल्या चारशे पिशव्याही त्याच खड्ड्यात गेल्या. हे कळलं तेव्हा मी घाबरले. तुझी नर्सरी म्हणजे कण्हेरच होती. मी फोन करून समजावलं, की चिठ्ठी लाव, घेणाऱ्याला सांग, ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांना दे. तू म्हणालीस, घरात नसलं तरी गल्लीत असतं, आणि गल्लीतलं कुत्रं कुणाचं नसतं म्हणून त्याच्यासाठी कुणी रडत नाही, एवढाच फरक. पुढे एक प्लॉटवाला पाचशे कण्हेरी मागायला आला, त्यालाही तू परत पाठवलंस. भाऊजी तुला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, मग आता विकणार काय? त्यानंतर दोन वर्षं ते दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायला जात होते, हेही लिहायला हवं. तुझ्या त्या हट्टात त्यांचा घाम आहे.

मग काय विकायचं, या प्रश्नावर तू मला कामाला लावलंस. दर रविवारी जळगावहून धुळे, धुळ्याहून सोनगीर, पिशवीत पुस्तकं. शरदातली फुलं हवी होती तुला, कारण खान्देशात लोकांना बागेची आठवण पाऊस सरल्यावर येते. दसरा, दिवाळी, हवेत जरा गारवा, तेव्हाच माणूस कुंडी विकत घेतो. मी पुस्तकातून वाचायचे आणि तू रोपं शेडच्या दोन बाजूंना लावत जायचीस, कुत्र्याला चालणारी उजवीकडे, न चालणारी डावीकडे. झिनिया चालेल. ॲस्टर चालेल. कोंबडा, म्हणजे तो मखमली तुरा, चालेल. गुलाब, जास्वंद, मोगरा, सूर्यफूल चालेल. डावीकडे गेली ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, जिचं एक बी जीव घ्यायला पुरे. घाणेरी गेली. सदाफुली गेली, आणि त्यावर तू दोन दिवस हटून बसलीस, कारण गावातली निम्मी माणसं सदाफुलीची पानं साखरेवर औषध म्हणून खातात, मग ती विष कशी? मी म्हणाले, औषध आणि विष यांत मापाचा फरक असतो, आणि कुत्रं माप बघून खात नाही. हे तुला पटलं. मला आठवतंय, कारण तुला एखादी गोष्ट पटल्याचे प्रसंग थोडेच आहेत.

डॉग फ्लॉवर नावाचं एक फूल हिवाळ्यात येतं, फुलाला दोन्ही बाजूंनी दाबलं की तोंड उघडतं. त्याचं नाव ऐकून तू म्हणालीस, हे तरी चालणारच. मी पुस्तकात पाहिलं, खरंच चालत होतं. त्या दिवशी तू पहिल्यांदा हसलीस. गुरुजी येऊन गेल्यापासून महिनाभर तू हसलेली नव्हतीस.

लेबलं वाचायचा तुला कंटाळा, आणि तुझ्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांना चष्मा घरी विसरायची सवय. म्हणून तू पांढऱ्या ऑइलपेंटनं चालणाऱ्या कुंड्यांवर कुत्र्याचं तोंड काढायला लागलीस. ते कुत्र्यापेक्षा वासरासारखं दिसायचं. मी तसं म्हटल्यावर तू म्हणालीस, गिऱ्हाईक हसलं की विचारतं, विचारलं की सांगता येतं. श्रावणात कानबाईचा सण होऊन ती उठली की तू झिनियाचं बी टाकायचीस, म्हणजे नवरात्रात पहिली फुलं तयार. त्या वेळी ट्रकवालेही गाडी बाजूला घेऊन बघायला थांबायचे.

आणि शेवंती. शेवंतीवरून आपलं जे सुरू झालं, ते संपलंच नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. शेवंती म्हणजे कण्हेर नव्हे. कुत्र्यानं खाल्ली तर ओकेल, लाळ गाळेल, फार तर अंगावर खाज येईल, मरणार नाही. दिवाळीला शेवंती मागणाऱ्या बाईला, घरी कुत्रं आहे एवढ्यावरून, परत पाठवणं मला अति वाटायचं. उंचावर टांगून ठेवायला सांग, म्हणायचे मी. तू म्हणायचीस, पाकळ्या खालीच पडतात. आणि तोंडानं सांगता न येणारं जनावर दोन दिवस ओकत राहिलं, तर ते तुझ्या पुस्तकात 'सौम्य' असेल, त्याच्या पोटात नसतं. यावर मी झेंडूचा विषय काढायचे. कारण झेंडूनंही पोट बिघडू शकतं, असं पुस्तकात होतं, आणि झेंडू तू सगळ्यांना बिनदिक्कत देत होतीस. शेवंतीला नाही आणि झेंडूला हो, हा कुठला न्याय?

तू टाकीजवळ झोपलेल्या काळीकडे बोट दाखवलंस. काळी म्हणजे हायवेवरून आपणहून आलेली, कुणी न पाळलेली आणि शेवटी तुझीच झालेली कुत्री. तू तिला तीन हंगाम बघत होतीस. ती झेंडूच्या वाफ्यात लोळते, झोपते, पिल्लंसुद्धा तिथेच घातली, पण झेंडूचं पान कधी तोंडात घेत नाही. शेवंतीची पानं मात्र तिनं दोनदा चघळली आणि दोन्ही वेळा ओकली. "तुना पुस्तकवालास्नी झेंडूना वास लिन्हा नही वाटस," असं तू म्हणालीस, आणि विषय संपल्यासारखी पाण्याची नळी उचललीस. मी म्हणाले, एका कुत्रीवरून नियम होत नाही. तू म्हणालीस, मग तू चार आण.

मी चार कुत्री आणली नाहीत, पण त्या दिवसानंतर वर्गात शिकवण्याची माझी पद्धत बदलली. आता कण्हेरीचं पान दाखवताना मी मुलांना आधी विचारते, कुणाच्या अंगणात हे आहे, आणि अंगणात अजून कोण कोण राहतं? यावलची एक मुलगी गेल्या वर्षी म्हणाली, आमच्याकडे शेळ्या, दोन कुत्री आणि आजी. वर्ग हसला. दुसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं की वडिलांनी गोठ्याजवळची कण्हेर काढली. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू फक्त, आजी बरी शे ना, असं विचारलंस. तुझं मन भरून आलं की तू अशीच काहीतरी थट्टा करायचीस.

बाईंचं मात्र तू मला स्वतः सांगितलंस, आणि तेही दोनदा. झाडं उपटल्यानंतरच्या दुसऱ्या शरदात त्या एकट्याच नर्सरीत आल्या. गुरुजी बाहेर रस्त्यावर रिक्षात बसून राहिले होते. तू उठून उभी राहिलीस. तुला वाटलं, आता राहिलेलं बोलून घेतील. बाईंनी सगळ्या वाफ्यांवरून एक फेरी मारली, कुंडीवरचं ते वासरासारखं कुत्रं पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "दोन पावसाळे मी रोज बघत होते. एकही मूळ फुटलं नाही."

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, तूही विचारलं नाहीस. त्यांच्या घरी पिल्लू आलं होतं, दोन महिन्यांचं, दिसेल ते चावणारं. कुंपणालगत काय लावू, असं त्यांनी विचारलं. तू त्यांना जास्वंदीची रोपं दिलीस आणि पुढच्या वाफ्यात झिनिया लावायला सांगितलंस, ॲस्टर सांगितलंस. त्यांना शेवंती फार आवडायची. त्या तिच्याजवळ जरा थांबल्या, फुलाला हात लावला आणि स्वतःच पुढे गेल्या. तू मला फोनवर म्हणालीस, शालू, बाईनी शेवंती मांगीच नही. तुझ्या आवाजात इतकं समाधान मी माझ्या पीएच.डी.च्या वेळीही ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा तर तू गावभर पेढे वाटले होतेस.

त्या बाई तुझ्या दहाव्याला आल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, गुरुजींनी ओळख करून दिली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.  जाताना त्यांनी भाऊजींना विचारलं, नर्सरी चालू ठेवाल ना? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय सांगणार होते? माझी नोकरी जळगावात, निवृत्तीला चार वर्षं बाकी. मला पुस्तकातलं रोप ओळखता येतं, पण पिशवीतलं रोप कधी तहानलंय ते तुझ्यासारखं दुरून कळत नाही. तरी मी हो म्हणाले. शनिवार-रविवार मी, बाकीचे दिवस भाऊजी. ते शेडमध्ये पाय टाकायला लागले की.

आणि एक सांगते, रागावू नकोस. काल पहिलंच गिऱ्हाईक शेवंतीचं होतं. नरडाण्याचा एक तरुण, नवीन लग्न झालेला, बायकोला पिवळी शेवंती हवी होती. घरी दोन कुत्री. माझ्या मताप्रमाणे मी त्याला शेवंती द्यायला हवी होती, टांगून ठेवा असं सांगून. मी कुंडी उचललीसुद्धा होती. मग खाली ठेवली. तुझं मला पटलं म्हणून नव्हे. मला अजूनही वाटतं की तू शेवंतीवर अन्याय केलास. पण आपलं भांडण तू नसताना एकटीनं निकालात काढायचं, हे मला बरं वाटलं नाही. म्हणून त्याला लाल झिनिया आणि पांढरी ॲस्टर दिली. तो कुरकुरत गेला. तुझ्याकडून गेलेली माणसं कुरकुरतच जायची, हे या तेरा दिवसांत मी ऐकलंय.

संध्याकाळी फाटक लावून मी सोनगीर फाट्यावर धुळ्याच्या बसची वाट बघत उभी राहिले. बस भरलेली होती. कशीबशी आत शिरले. हाताला माती होती, साडीलाही. तिसऱ्या बाकावर नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती, मांडीवर भाजीची पिशवी. ती माझ्याकडे बघत राहिली. तुझं आणि माझं नाक सारखं आहे, असं आई म्हणायची, मला कधी पटलं नव्हतं.

"तुम्ही अक्कानी बहीण शेतस ना?" तिनं विचारलं.

गेली सव्वीस वर्षं कुणी ओळख विचारली की मी कॉलेजचं नाव सांगत आलेय. तेही अभिमानानंच सांगते, त्यात खोटं काही नाही. पण काल ते नाव माझ्या तोंडावर आलंच नाही.

"हो," मी म्हणाले. "धाकटी."

म्हातारीनं पिशवी पायाशी ठेवली आणि कडेला सरकून मला खिडकीजवळ बसवलं. मग तुझ्याबद्दल सांगायला लागली. तिच्या कुत्र्यानं झेंडू खाल्ला की काय अशी शंका आली, म्हणून तू भर उन्हात तिच्या घरी जाऊन त्याच्याशेजारी दुपारभर कशी बसलीस, ते सांगितलं. तू मला यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. धुळे येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि मी ती सांगेल त्या प्रत्येक गोष्टीवर मान हलवत राहिले, जणू हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं.